एमएस, मायलिन आणि १.७ मिलिसेकंद

(मागच्या आठवड्यात टाकलेल्या भागाचा हा लेखी उतारा. खोकला, अडखळणं आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या काढल्यात. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग जरा वेगळा आहे. एरवी आपण इथे फोन, अ‍ॅप्स, एआय असल्या गोष्टींवर गप्पा मारतो. आज एका आजारावर बोलणार आहे. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बी.टेक. कॉम्प्युटर, ऐरोलीत एका कंपनीत बॅकएंडचं काम, रोज डोंबिवलीहून ये-जा. त्यामुळे आजचं ऐकून कुणी गोळी सुरू करू नका आणि कुणी बंदही करू नका. ते काम न्यूरॉलॉजिस्टचं.

मग मी का बोलतोय? माझ्या ताईला एमएस आहे. मल्टिपल स्क्लेरॉसिस. गेली चार वर्षं रात्री लॅपटॉपवर ऑफिसचं काम संपलं की मी याच विषयावरचे पेपर वाचत बसतो. परवा तीच म्हणाली, "एवढं वाचतोस तर बोल की त्यावर. फक्त माझं नाव घ्यायचं नाही आणि रडगाणं गायचं नाही." दोन्ही अटी मान्य करून बसलोय.

सुरुवात डोळ्यापासून झाली. ताई तेव्हा २९ वर्षांची होती. डावा डोळा हलवला की आत दुखायचं आणि रंग विटल्यासारखे दिसायचे. देव्हाऱ्यातलं कुंकू उजव्या डोळ्याने लालभडक आणि डाव्याने विटकरी. पहिल्यांदा दाखवलं तिथे ड्रॉप्स मिळाले आणि "स्क्रीन कमी करा" असा सल्ला. सहा आठवड्यांत डोळा बराचसा आपोआप सुधारला, आणि आम्ही विसरूनही गेलो. सात महिन्यांनी उजवा पाय बधिर झाला. म्हणजे किती, तर जिन्यात चप्पल पायातून निसटली तरी तिला कळलं नाही, दोन पायऱ्या वर गेल्यावर खालून कुणीतरी हाक मारली. मग एमआरआय. मेंदूत आणि मज्जारज्जूत पांढरे डाग, आणि रिपोर्टमध्ये एक शब्द : डिमायलिनेशन.

आता हे मायलिन काय असतं ते समजलं तर पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून इथे थोडा वेळ घेतो.

मेंदूतून निघालेला संदेश नसेच्या लांब तंतूवरून विजेच्या लहरीसारखा जातो. त्या तंतूवर चरबी आणि प्रथिनांचं गुंडाळलेलं वेष्टण असतं, ते मायलिन. शाळेत 'वायरवरचं प्लॅस्टिक' असं सांगतात. अर्धंच बरोबर आहे. मला लोकलचं उदाहरण जास्त पटतं. वेष्टण नसलेल्या बारीक तंतूवर संदेश धीम्या लोकलसारखा जातो, प्रत्येक ठिकाणी थांबत. वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे आपण चालतो तितपत. मायलिन असलेला तंतू म्हणजे फास्ट लोकल. वेष्टणाच्या दोन तुकड्यांमध्ये बारीक मोकळी जागा असते, तिला रँव्हिएची गाठ म्हणतात, १९व्या शतकातल्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावावरून. संदेश फक्त त्या गाठींवर नव्याने उठतो, मधली स्टेशनं सोडून देतो. जाड तंतूंमध्ये वेग सेकंदाला १०० मीटरपर्यंत जातो, ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास.

मग मायलिन गेलं तर फास्टची स्लो झाली, एवढंच ना? नाही, तिथेच गोम आहे. फास्टच्या रुळांवर मधल्या स्टेशनांना प्लॅटफॉर्मच बांधलेले नसतात. संदेश पुन्हा उठवायला लागणारी सोडियमची दारं गाठींपाशी गर्दी करून असतात, मधल्या भागात जवळपास नसतातच. त्यामुळे वेष्टण गेल्यावर संदेश रेंगाळतो, कधी अर्ध्या वाटेत विरून जातो. शरीर थोडं तापलं की हे आणखी बिघडतं. ताईला मे महिन्यात स्टेशनवरून चालत घरी आलं की डावीकडचं धूसर दिसायचं आणि पंख्याखाली वीस मिनिटं बसलं की परत नीट. आम्हाला वाटायचं टेन्शनमुळे होतंय. याला उथॉफ फिनॉमिनन म्हणतात. १८९० मध्ये उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने ते नोंदवून ठेवलंय. एमआरआय नव्हता तेव्हा डॉक्टर रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का ते बघायचे, आणि त्यावरून निदान करायचे. आपल्याकडे डोंबिवलीचा मे महिना ती टेस्ट फुकटात करून देतो.

आजार जुनाच आहे. पॅरिसच्या डॉक्टर शार्कोंनी १८६८ मध्ये त्याचं नीट वर्णन केलं. जगात २८ लाखांहून जास्त लोकांना तो आहे, बायकांमध्ये पुरुषांपेक्षा दुपटीहून अधिक. भारतात एकंदर प्रमाण युरोप-अमेरिकेपेक्षा बरंच कमी, पण १९९० मध्ये मुंबईचे न्यूरॉलॉजिस्ट डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवून दिलं, की मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात तो चांगलाच आढळतो.

मायलिन खराब करतं कोण? आपलीच प्रतिकारशक्ती. आणि हे कळण्यामागची एक गोष्ट आपल्या आजी-आजोबांच्या पोटातून जाते. खरंच सांगतो.

कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शनं, हे तुम्ही ऐकलं असेल. ती लस डेव्हिड सेंपल यांनी १९११ च्या सुमारास हिमाचलातल्या कसौलीत तयार केली. मेंढीच्या मेंदूत रेबीजचा विषाणू वाढवायचा, फिनॉलने तो मारायचा आणि ते मिश्रण टोचायचं. पाश्चरच्या जुन्या लसीसारखीच हीसुद्धा मज्जासंस्थेच्या ऊतीपासून बनलेली. जीव वाचायचे. पण थोड्या लोकांना रेबीज न होताच लकवा व्हायचा. का? १९३० च्या दशकात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टॉमस रिव्हर्स यांनी माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचा अर्क पुन्हा पुन्हा टोचला. विषाणू नाहीच, नुसता मेंदू. तरी काही माकडांचे पाय लटपटले, आणि तपासलं तर मेंदूतलं मायलिन उडालेलं. म्हणजे परक्या मेंदूतलं मायलिन बघून शरीर त्याच्याविरुद्ध तयार झालं, आणि मग तसंच दिसणारं स्वतःचं मायलिनही फोडायला लागलं. पुढे उंदरांमध्ये हाच प्रयोग एमएसची औषधं तपासायचं मुख्य साधन झाला. भारतात ही मेंदूवाली लस २००४ च्या अखेरीस बंद झाली. आजची रेबीजची लस पेशींमध्ये वाढवतात, तिच्यात मेंदूचा अंश नसतो आणि ती दंडावर देतात. त्यामुळे "लस नको रे बाबा" असा अर्थ कृपा करून काढू नका. कुत्रा चावला तर त्याच दिवशी जाऊन घ्या.

एमएसमध्ये मात्र कुणी मेंदू टोचत नाही. मग प्रतिकारशक्ती चिडते कशाने? २०२२ मध्ये हार्वर्डच्या टीमने अमेरिकन सैन्यातल्या एक कोटीहून जास्त लोकांचे साठवलेले रक्ताचे नमुने आणि नोंदी चाळल्या. त्यातल्या ९५५ जणांना सैन्यात असताना एमएस झाला होता. एपस्टीन-बार या विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका ३२ पट वाढलेला दिसला. दुसऱ्या कुठल्या विषाणूने असं दिसलं नाही. पण हाच विषाणू जगातल्या साधारण ९५ टक्के मोठ्या माणसांच्या अंगात मुकाट पडून असतो. तुमच्याही, माझ्याही. म्हणजे तो लागतो, पण एकटा पुरत नाही. जनुकं, ड जीवनसत्त्व, धूम्रपान असं बाकीचंही जुळावं लागतं. ताईच्या बाबतीत काय जुळलं? ते शोधायच्या फंदात आई सहा महिने पडली होती, स्वतःला दोष देत. तिथून तिला बाहेर काढणं हे आमच्या घरातलं मोठं काम होतं.

आता औषधं. १९९३ पर्यंत एमएसचा मार्ग बदलणारं एकही मान्य औषध नव्हतं. त्या वर्षी अमेरिकेत इंटरफेरॉन बीटा आलं. मग १९९६ मध्ये ग्लॅटिरॅमर. याची गंमत अशी, की इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये ते बनवलं होतं प्राण्यांमध्ये तो आजार निर्माण करायला. झालं उलटंच, आजार दबला. मग नताली­झुमॅब. लढाऊ पेशी रक्तातून मेंदूत शिरतात त्या नाक्यावरच अडवायच्या, अशी त्याची युक्ती. नोव्हेंबर २००४ मध्ये आलं, फेब्रुवारी २००५ मध्ये बाजारातून काढावं लागलं, कारण पहाराच उठल्यामुळे काही रुग्णांच्या मेंदूत जेसी नावाचा विषाणू माजला. २००६ मध्ये कडक देखरेखीसह परत आणलं. २०१० मध्ये पहिली गोळी, फिंगोलिमॉड, किड्यांवर वाढणाऱ्या एका बुरशीतल्या द्रव्यावरून बनवलेली. ती लढाऊ पेशींना लसिकाग्रंथींमध्येच कोंडून ठेवते. ही यादी लांब आहे, मी पळतोय कारण मला बी पेशींवर थांबायचंय.

बरीच वर्षं सगळ्यांचं बोट टी पेशींकडे होतं. बी पेशी म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्यांची आधीची पिढी, त्यांचा यात फारसा हात नाही असं मानत. २००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या स्टीफन हाउझर यांच्या टीमने १०४ रुग्णांवर रिटुक्सिमॅब वापरून बघितलं. हे मूळ लिम्फोमा या कॅन्सरचं औषध, ते बी पेशींना वेचून मारतं. एमआरआयमध्ये चमकणारे ताजे डाग प्लासिबोच्या तुलनेत ९१ टक्क्यांनी कमी झाले. आणि फरक काही आठवड्यांतच दिसला, अँटिबॉडीची पातळी फारशी पडलेली नसताना. म्हणजे बी पेशी अँटिबॉडी बनवून नव्हे, टी पेशींना चिथावून भांडण लावत होत्या. आमच्या ऑफिसच्या भाषेत, सगळे लॉग ज्या सर्व्हिसकडे बोट दाखवतात ती बिचारी फक्त दुसऱ्याच्या सांगण्यावरून क्रॅश होत असते. त्याच मार्गाने पुढे ऑक्रेलिझुमॅब आलं, २०१७ मध्ये. पहिल्यापासूनच हळूहळू वाढत जाणाऱ्या, प्रायमरी प्रोग्रेसिव्ह प्रकारासाठी मान्यता मिळालेलं ते पहिलं औषध.

ताई रिटुक्सिमॅबवर आहे. या औषधाच्या वेष्टनावर एमएस लिहिलेलं नसतं, न्यूरॉलॉजिस्ट स्वतःच्या जबाबदारीवर देतात. स्वीडनमध्येही हजारो रुग्णांना असंच देतात. आपल्याला जमतं ते एका कारणाने : २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीजने त्याची स्वस्त आवृत्ती काढली, नंतर इतरांनीही. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आवश्यक औषधांच्या यादीत पहिल्यांदा एमएसची तीन औषधं घेतली, त्यात हे आहे. दर सहा महिन्यांनी सलाइनमधून, जवळजवळ पूर्ण दिवस जातो. आधी हिपॅटायटिस बीची तपासणी, कारण दबलेला विषाणू उठू शकतो. लसी शक्यतो सुरू करण्याआधीच, कारण नंतर त्या नीट लागू पडत नाहीत. घरात कुणाला सर्दी झाली की तो आठवडाभर मास्क लावून जेवतो. गेली तीन वर्षं तिच्या एमआरआयमध्ये नवीन डाग नाही.

आणि इथेच तिने तो प्रश्न विचारला. "नवीन डाग पडत नाहीत, मान्य. पण जे आधी गेलंय ते परत येणार का?"

मी त्या दिवशी गप्प बसलो. कारण आतापर्यंत सांगितलेलं एकही औषध ते करत नाही. ही सगळी आग विझवणारी. घर परत बांधणारं यात कुणी नाही.

शरीर स्वतः मात्र बांधायचा प्रयत्न करतं, आणि हे मला कळलं तेव्हा मी रात्री दीड वाजता ताईला मेसेज केला होता. मेंदूत मायलिन बनवणाऱ्या पेशीचं नाव ऑलिगोडेंड्रोसाइट. एक पेशी आपले हात पसरून चाळीस-पन्नास तंतूंना वेष्टण घालू शकते. आणि तिच्या कच्च्या पेशी, उमेदवार म्हणा, मोठ्या माणसाच्या मेंदूतही जागोजागी असतात, एकूण पेशींच्या साधारण पाच टक्के. हल्ला झाला की त्या जखमेकडे सरकतात, वाढतात, पक्क्या होतात आणि तंतूवर नवं वेष्टण चढवतात. ते पहिल्यापेक्षा पातळ असतं, पण काम करतं. ताईचा डोळा सहा आठवड्यांत सुधारला त्यात सूज उतरणं हा मोठा भाग होता, पण थोडी अशी दुरुस्तीही झाली असणार.

मग प्रत्येक वेळी का होत नाही? एक अडथळा म्हणजे राडारोडा. फुटलेल्या मायलिनचे तुकडे तिथेच पडून राहिले तर उमेदवार पेशी पक्क्या होत नाहीत. तो उचलणारे कोण, तर मॅक्रोफेज आणि मायक्रोग्लिया. म्हणजे पुन्हा प्रतिकारशक्तीच! जी घर फोडते तीच मलबाही उचलते. त्यामुळे "इम्युनिटी पूर्ण दाबून टाका" हे उत्तर होऊ शकत नाही, आणि "इम्युनिटी वाढवा" तर नाहीच नाही. काढ्यांची पार्सलं पाठवणाऱ्या आमच्या नातेवाइकांनी कृपया नोंद घ्यावी. (हसतो)

दुसरा अडथळा वय. २०१२ मध्ये एक प्रयोग छापून आला : म्हाताऱ्या आणि तरुण उंदरांचा रक्तप्रवाह जोडला, तर म्हाताऱ्याच्या मायलिनची दुरुस्ती सुधारली. तरुण उंदराकडून आलेल्या मॅक्रोफेजनी मलबा जास्त चांगला उचलला. म्हणजे म्हाताऱ्या उमेदवार पेशी संपलेल्या नव्हत्या, मंदावल्या होत्या. आणि हे महत्त्वाचं का, तर उघडा पडलेला तंतू कायम वाट बघत नाही. वेष्टण घालणारी पेशी त्याला पोसतही असते. ती गेली की काही काळाने तंतूच मरतो. तो मेला की वेष्टण घालणार कशाला? रुळच उखडले.

आता १.७ मिलिसेकंदांची गोष्ट.

सॅन फ्रान्सिस्कोच्या युसीएसएफमध्ये जोनाह चॅन नावाच्या शास्त्रज्ञांच्या लॅबने काचेचे सूक्ष्म सुळके बनवले. उमेदवार पेशी त्यांच्याभोवती मायलिन गुंडाळायला लागल्या की वरून बघताना गोल कडी दिसते. कड्या मोजा, औषध चालतंय की नाही कळतं. मला हे टेस्ट हार्नेस इतकं आवडलं की काय सांगू. त्यांनी बाजारात आधीच असलेली हजारेक औषधं त्यावर चालवली. २०१४ मध्ये निकाल आला आणि वर आलेल्यांत एक होतं क्लेमास्टिन. शिंका-सर्दीचं जुनं, झोप आणणारं अँटिहिस्टॅमिन.

मग डॉ. आरी ग्रीन यांच्याबरोबर ५० रुग्णांवर चाचणी. डोळ्यासमोर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन उलटसुलट होतात आणि डोक्यामागे लावलेली इलेक्ट्रोड मेंदूत लहर कधी पोचली ते नोंदवते. निरोगी माणसात साधारण १०० मिलिसेकंद. मायलिन गेलं की ती उशिरा येते. ही टेस्ट ताईचीही झालीय. डावा डोळा १२७, उजवा १०३. ग्राफ बघून मी म्हटलं, "ताई, ही शुद्ध लेटन्सी आहे." ती म्हणाली, "तुझ्या ऑफिसला सांग, मला पण सर्व्हर बदलून द्या."

२०१७ मध्ये निकाल छापला : क्लेमास्टिनने लहर दर डोळ्यामागे सरासरी १.७ मिलिसेकंद लवकर आली. आजार होऊन बराच काळ गेलेल्या नसांमध्ये. एवढंच. आमच्याकडे कुणी १.७ मिलिसेकंद वाचवले म्हणून मेल टाकला तर मॅनेजर इमोजीसुद्धा टाकणार नाही. पण वर्षानुवर्षं बिघडून पडलेली नस कुठल्या तरी गोळीने थोडी तरी दुरुस्त होते असं माणसात दिसणं, ही मोठी गोष्ट होती. दिसण्यात मात्र ठोस फरक सिद्ध झाला नाही, आणि थकवा वाढला. एमएसमध्ये थकवा हाच अर्धा आजार असतो.

याच्या पुढचा भाग व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डमध्ये येत नाही. अमेरिकेतल्या एनआयएचमध्ये वाढत जाणाऱ्या एमएसच्या रुग्णांना क्लेमास्टिन दिलं, तर तीन जणांची अवस्था झपाट्याने बिघडली आणि ते औषध देणं थांबवावं लागलं. "साधी सर्दीची गोळी तर आहे" असं म्हणून घरी प्रयोग करू नका, ते याच्यासाठी. आणखी एक : आमच्या काकांनी विचारलं होतं, की सलाइनआधी ताईला अ‍ॅविल देतातच, मग तेच रोज का नको? तर क्लेमास्टिनचा हा परिणाम हिस्टॅमिन रोखल्यामुळे येतच नाही, तो मस्करिनिक नावाच्या वेगळ्याच रिसेप्टरवरून येतो. सगळी अँटिहिस्टॅमिनं इथे सारखी नाहीत.

बाकीचे प्रयत्न? ओपिसिनुमॅब, खास दुरुस्तीसाठी बनवलेली अँटिबॉडी, मोठा गाजावाजा झाला. चाचण्यांमध्ये पडली, २०२० मध्ये काम थांबवलं. केंब्रिजला बेक्सारोटिन नावाच्या कॅन्सरच्या औषधाची चाचणी झाली, २०२१ मध्ये निकाल. ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट गाठलं नाही, पण दुरुस्तीच्या खुणा दिसल्या. मात्र औषध घेतलेल्या सगळ्यांचं थायरॉइड बिघडलं. ते औषध तिथेच संपलं.

आणि मग केंब्रिजचेच मेटफॉर्मिन. होय, आईच्या डब्यातली डायबिटिसची गोळी. २०१९ मध्ये रॉबिन फ्रँकलिन यांच्या लॅबने दाखवलं, की म्हाताऱ्या उंदरांना मेटफॉर्मिन दिलं तर त्यांच्या मंदावलेल्या उमेदवार पेशी पुन्हा तरुण पेशींसारखं ऐकायला लागतात. उपास घडवला तरी तसंच. म्हणून मेटफॉर्मिन आणि क्लेमास्टिन एकत्र देऊन ७० रुग्णांवर चाचणी केली. सप्टेंबर २०२५ मध्ये बार्सिलोनाच्या परिषदेत निकाल सांगितला. पुन्हा तेच : डोळ्याच्या लहरीत छोटा पण खरा फरक, रुग्णाला स्वतःला जाणवेल असा फरक नाही.

इथे माझ्यातला इंजिनिअर थोडा चिडतो. आपल्याकडे मोजमापच धड नाही. साध्या एमआरआयमध्ये मायलिन दिसत नाही, पाणी दिसतं. पांढऱ्या डागात दुरुस्ती झालीय की तंतू मेलेत, ते त्यावरून सांगता येत नाही. डोळ्याची नस मोजता येते म्हणून सगळे डोळ्याकडे धावतात. ज्या सिस्टिमला मॉनिटरिंग नाही तिच्यातला बग सहा महिन्यांच्या चाचणीत सुटला की नाही, कळणार कसं?

एक बातमी मधल्या वाटेवरची. नवीन डाग न पडताही काही रुग्णांचं चालणं हळूहळू बिघडतं, कारण आगीचा धग मेंदूच्या आत राहतो आणि बाहेरची औषधं तिथवर नीट पोचत नाहीत. टोलेब्रुटिनिब ही गोळी आत शिरून मायक्रोग्लियावरही काम करते. २०२५ मध्ये छापलेल्या चाचणीत अशा रुग्णांमध्ये अपंगत्व वाढण्याचा धोका ३१ टक्क्यांनी कमी झाला. काहींच्या यकृताला मात्र गंभीर इजा झाली. दुरुस्ती नव्हेच ही, पण दुरुस्ती करायला तंतू शिल्लक ठेवणं तरी.

आता ज्यासाठी हा भाग करायचा ठरवला ते. या जानेवारीत आमचे काका एका सेंटरचं पत्रक घेऊन आले. नाव घेत नाही. 'स्टेम सेलने मायलिन पुन्हा तयार', सोबत व्हीलचेअरवरून उठलेल्या माणसाचा व्हिडिओ. रक्कम कित्येक लाख. बाबा पीएफ काढायला तयार झाले होते. मी त्यांना विचारलं, "कुठली चाचणी, नोंदणी क्रमांक काय?" तर तिथून उत्तर आलं, की ही चाचणी नाही, उपचार आहे.

दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात, हे नीट ऐका. एक, रक्ताच्या मूळ पेशींचं प्रत्यारोपण. आधी रुग्णाच्या मूळ पेशी काढून ठेवतात, मग केमोथेरपीने जुनी प्रतिकारशक्ती पुसतात आणि त्या पेशी परत सोडतात. फॉरमॅट मारून नव्याने इन्स्टॉल. तीव्र, वारंवार उसळणाऱ्या एमएसमध्ये याचा खरा पुरावा आहे, धोकाही खरा आहे. ते मोठ्या हॉस्पिटलातच होतं, आणि तेही मायलिन बांधत नाही, आग विझवतं. दुसरी गोष्ट म्हणजे चरबीतून किंवा नाळेतून काढलेल्या पेशी पाठीत किंवा शिरेत टोचणं. त्याने माणसात मायलिन परत आलं असं सिद्ध झालेलं नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत : रक्ताच्या ठरावीक आजारांसारखे मान्य उपयोग सोडले तर स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीत, आणि चाचणीत रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. कुणी लाखाचा आकडा सांगितला की तिथेच उठा.

बाबांना हे पटवायला तीन रविवार लागले. शेवटी माझ्यामुळे नाही, ताईमुळे पटलं. ती म्हणाली, "बाबा, ते पैसे माझ्या पुढच्या दहा सलाइनचे आहेत."

कामाचं दोन वाक्यांत. एका डोळ्याने रंग विटके दिसणं, डोळा हलवताना दुखणं, दिवसेंदिवस टिकणारा बधिरपणा, यातलं काही असेल तर ड्रॉप्सवर थांबू नका, न्यूरॉलॉजिस्ट गाठा. आणि निदान झालं असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचं नाव आहे, त्याचं प्रमाणपत्र काढता येतं. मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडियाचे मुंबई-पुण्यातले लोक त्यात मदत करतात.

ताईच्या प्रश्नाचं मी अखेर दिलेलं उत्तर असं : थोडं तुझ्या शरीराने परत आणलंय. बाकीचं आणणारी गोळी आज नाही, पण तशी गोळी असू शकते हे माणसांमध्ये मोजून दाखवलंय, मिलिसेकंदांत का होईना. ती येईपर्यंत तंतू जिवंत ठेवायचे, आणि ते काम तुझं आत्ताचं औषध करतंय. त्यावर ती म्हणाली, "बरं. मग मेटफॉर्मिन आईलाच राहू दे."

येत्या गुरुवारी तिचं पुढचं सलाइन आहे. मी लॅपटॉप घेऊन बाजूच्या खुर्चीवर असेन, त्यामुळे त्या दिवशी मेसेजना उत्तरं उशिरा येतील. एमएसबद्दल प्रश्न असतील तर पाठवा, उपचाराचे सोडून. पुढचा भाग परत नेहमीच्या विषयावर : यूपीआय बसतं तेव्हा तुमचे पैसे नेमके कुठे अडकतात. भेटू.